लाल खांब आणि साबणाच्या वड्या

मटार आले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लखनौला तेलीबागच्या बाजारातले ढीग एकदम हिरवे होतात आणि आमच्या घरातल्या पुरुषमाणसाला चेव येतो. काल हे पाच किलो घेऊन आले. घरात माणसं दोन, चार दिवसांसाठी आलेली लेक धरून तीन, आणि मटार पाच किलो! मी म्हटलं, "अहो, लग्नकार्य आहे का?" तर म्हणाले, "ग्रेस सिस्टर येणार आहेत ना उद्या? त्यांना निमोना करायला लागतातच." घ्या. पाहुणीला स्वयंपाकाला लावायचं आधीच ठरलेलं. पण ते खोटं नव्हे. हिरवे मटार वाटून केलेली ती झणझणीत आमटी ग्रेस सिस्टरसारखी मला आजतागायत जमलेली नाही, आणि त्यांनी ती दुसऱ्या कुणाला करू दिलेली नाही.

म्हणून आज सकाळी वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर जुनं बेडशीट पसरून बसले. धुकं वर उचललं गेलेलं, ऊन कोवळं, पाठ शेकत होती. पहिली शेंग फोडली आणि तो कच्चा गोड वास नाकात शिरला. झालं. पुढची शेंग मी वृंदावन योजनेत नाही, तेलीबागच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर सोलत होते. नव्वदीच्या दशकातला मधलाच कुठला तरी हिवाळा, लेक ऋता चौथीत, आणि माझ्या मांडीवर मटारच्या ताटाऐवजी आलेखाचा कागद.

मी मूळची साताऱ्याची. थंडी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, असं मला लखनौला येईपर्यंत वाटायचं. इथे जानेवारीत सूर्य आठ-आठ दिवस रजेवर जातो. अंगावर दोन स्वेटर, त्यावर शाल, आणि तरी नाक लाल. यांची बदली इकडे झाली तेव्हा सासूबाईंनी तांब्याचा बंब बरोबर दिला होता. मी कुरकुरले होते, एवढं धूड कुठे न्यायचं म्हणून. पहिल्याच हिवाळ्यात त्या बंबाला मी मनोमन नमस्कार घातला.

रायबरेली रोडवरच्या एका इस्पितळात मी जंतुतपासणीच्या प्रयोगशाळेत डॉक्टर होते. इस्पितळ मध्यम, मजले दोन, शस्त्रक्रियेचे वॉर्ड चार. आमचे मुख्य अधीक्षक सक्सेनासाहेब त्या वर्षी दिल्लीहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि येताना 'क्वालिटी' हा शब्द घेऊन आले. तोवर आमच्याकडे क्वालिटी म्हणजे कँटीनच्या समोशाबद्दल बोलायची गोष्ट. आता कमिटी झाली, फाइल झाली. सक्सेनासाहेबांचं बोलणं लोण्यासारखं मऊ. कुणाला "चूक" म्हणायचं झालं तर त्यांना घाम फुटायचा. मला बोलावून म्हणाले, "आप महाराष्ट्र की हैं, साफ़ बात करती हैं. आप देखिए."

साफ़ बात! एवढं म्हटलं की मी हवेत. मी लगेच एक तक्ता बनवला. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक रुग्णाची जखम वॉर्डच्या सिस्टरने रोज सकाळी बघायची आणि नावापुढे लिहायचं, कोरडी आहे, ओली आहे की पू आहे. महिनाअखेरीला मी मोजणार आणि प्रत्येक वॉर्डचा एक खांब आलेखावर उभा करणार. जेवढ्या जखमा बिघडलेल्या, तेवढा खांब उंच. इतकं सोपं! मला तर कुणी आधी का केलं नाही याचंच नवल वाटत होतं.

तो पहिला आलेख गच्चीवर, मटारच्या टरफलांच्या शेजारी तयार झाला. मी खांब आखले, ऋताने स्केचपेनांनी रंगवले. पहिले तीन वॉर्ड हिरवे, पिवळे, निळे, बोटभर उंचीचे. चौथ्याचा खांब मात्र वर वर गेला. तो तिने लाल केला, जीभ बाहेर काढून, मन लावून. मग विचारलं, "आई, ये लाल वाला फर्स्ट आया ना?"

"नाही गं. हा सगळ्यात वाईट."

"पर सबसे बड़ा तो यही है!"

मी मराठीत समजावलं, तिने हिंदीत हुज्जत घातली, आमच्या घरातली रोजची रीत. शेवटी मी मटार निवडायला वळले तेवढ्यात बाईसाहेबांनी लाल खांबावर पेन्सिलीने '1st' लिहून टाकलं. मी ते खोडरबराने पुसलं. नीट पुसलं गेलं नाही, पण कोण बघतंय एवढं, असं म्हणून आलेख गुंडाळला.

चार नंबर वॉर्ड ग्रेस सिस्टरचा. ग्रेस मसीह. जन्म लखनौचा, शिक्षण लखनौचं, बोलणं असं की ऐकणाऱ्याने पाठ ताठ करून बसावं. अंगाने भरभक्कम, चालताना फरशी वाजायची. रिटायर व्हायला एक वर्ष उरलेलं. आणि एक विचित्रपणा: अख्खं इस्पितळ मनगटापर्यंतच्या स्वेटरांत गुरफटलेलं असताना ही बाई अर्ध्या बाहीच्या स्वेटरमध्ये फिरायची. कोपरापासून खाली हात उघडे, थंडीने लालबुंद. आम्ही लॅबमध्ये तिची टिंगल करायचो, "सिस्टरना आत शेगडी बसवलीय."

आलेख सक्सेनासाहेबांच्या खोलीत लागला; रंग लेकीने भरलेत हे मी कौतुकाने सगळ्यांना सांगितलं. लाल खांब दारातूनच दिसायचा. आठवड्याभरात मला कळलं की जानेवारीअखेरच्या बैठकीनंतर ग्रेस सिस्टरकडून वॉर्ड काढून घेणार आणि त्यांना चादरी-उशांच्या कोठीवर बसवणार. नोकरीचं शेवटचं वर्ष, आणि धुवून आलेल्या अभ्र्यांची मोजदाद. त्या दिवशी मला काय वाटलं ते खरं सांगते, लाज वाटली तरी सांगते. मला आनंद झाला. रिपोर्टचा परिणाम झाला! घरी येऊन यांना ऐटीत सांगितलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पण चूक काय केली त्या बाईंनी?" मी म्हटलं, "अहो, खांब बघा की!" यांनी पान उलटलं.

दुसऱ्याच दिवशी ग्रेस सिस्टर लॅबच्या दारात. मी मनात ढाल-तलवार घेतली. पण भांडण नाही, रडणं नाही. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"डॉक्टर साहिबा, कोठरी में बैठने से मुझे डर नहीं. चादरें भी मरीज़ों की ही हैं. बस इतना बता दीजिए, मेरे वार्ड में गलती कहाँ हो रही है? जाने से पहले सुधार दूँ."

ते तर मलाच ठाऊक नव्हतं. खांब होता, खांबाखाली काय आहे ते मी बघितलंच नव्हतं. "बताती हूँ," असं काहीतरी पुटपुटले. त्या "शुक्रिया" म्हणून गेल्या आणि मी तासभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काहीही न बघता बसले.

सुरुवात हातांपासून करायची ठरवली. जखम बिघडते ती बहुतेक वेळा हातांनी. पण हात कोण किती धुतं हे बघायचं कसं? मी वॉर्डात जाऊन उभी राहिले की सगळे बेसिनपाशी रांग लावून हात चोळायचे, माझ्याकडे बघून हसायचे, आणि "पहले आप धो लीजिए" म्हणत एकमेकांना जागा द्यायचे. मी पाठ फिरवली की बेसिन कोरडं. मग माझ्या डोक्यात आलं, माणसं दाखवतील तेवढंच दिसेल, पण साबण काही कुणाची भीड धरत नाही.

सोमवारी सकाळी चारही वॉर्डांच्या बेसिनांवर कोठीतल्या लाल साबणाच्या कोऱ्या वड्या ठेवायला लावल्या. त्यांच्यावर कंपनीचं नाव ठसठशीत उठवलेलं. प्रत्येक वडी लॅबच्या काट्यावर तोलून लिहून ठेवली. पुढच्या सोमवारी स्टीलच्या ताटलीत सगळ्या गोळा करून आणल्या. काट्याची गरजच पडली नाही. एक, दोन, तीन नंबरच्या वड्या नव्या नवरीसारख्या, नाव लांबूनही वाचता येत होतं. आणि चार नंबरची? नखाएवढी चकती उरली होती, तीही मधून तडकलेली.

मी त्या चकतीकडे बघत राहिले. जो वॉर्ड सगळ्यात जास्त हात धुतो, त्याच्याच जखमा सगळ्यात जास्त बिघडतात? असं होईलच कसं?

तशीच उठून दोन नंबरला गेले. तिथल्या पुष्पा सिस्टर फार गोड बाई, माझ्यासाठी लगेच चहा सांगितला. तक्ता मागितला. पानंच्या पानं तेच दोन शब्द: आराम है, म्हणजे बरं आहे. आराम है. आराम है. महिनाभर मी ते वाचत होते आणि 'जखम कोरडी' असं धरून पुढे जात होते! पहिल्याच खाटेवर एक पिकलेल्या दाढीचे आजोबा. पट्टी ओली दिसत होती. मी विचारलं, "बाबा, कैसा है?" ते हात जोडून म्हणाले, "आप आ गईं, अब तो आराम ही आराम है." पट्टी सोडवली. आत पू होता.

"सिस्टर, यह क्या?" मी विचारलं.

पुष्पा सिस्टरनी मला बाजूला घेतलं आणि अगदी मनापासून समजावलं. "मैडम, किसी के नाम के आगे मवाद-मवाद लिखना अच्छा लगता है क्या? घरवाले पढ़ लें तो दिल छोटा हो जाए. दवा तो हम दे ही रहे हैं. लिखने में क्या जाता है, आराम लिख देते हैं."

त्यात कपट नव्हतं हो. आजारी माणसाबद्दल अशुभ लिहू नये, ही इथली माया. आणि मी साताऱ्याची शहाणी, त्या मायेची बेरीज करून खांब उभारत होते. तीन वॉर्डांनी चांगुलपणा लिहिला, एका बाईने खरं लिहिलं, आणि मी त्या बाईला कोठीत पाठवायला निघाले होते. मला तिथल्या तिथे रडू आलं. चहा तसाच राहिला.

चार नंबरला गेले. ग्रेस सिस्टर ड्रेसिंग करून हात धूत होत्या, कोपरापर्यंत, त्या गारठलेल्या पाण्यात. तेव्हा कुठे मला अर्धी बाही कळली. लांब बाहीचं स्वेटर घालून मनगट धुतलं की बाही भिजते, आणि भिजलेली बाही दिवसभर अंगाशी थंडगार. म्हणून बाकीचे नुसती बोटांची टोकं ओली करायचे. ह्या बाईने स्वेटरची बाहीच कापून टाकली होती. मी सगळं सांगितलं, साबण, आराम, माझी चूक, सगळं. त्यांनी शांतपणे हात पुसले. मग अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "लैब वाला साबुन भी तौला, डॉक्टर साहिबा?"

मी हसले. जंतूंची डॉक्टर मी, मला विचारतेय! तरी लॅबमध्ये परतल्यावर बेसिनकडे डोळा गेलाच. तिथली वडी ठेवून पंधरा दिवस झाले होते. कंपनीचं नाव आहे तसं होतं. नावाखालची बारीक अक्षरंसुद्धा.

जानेवारीअखेरची बैठक. बाहेर धुकं इतकं की खिडकीतली आंब्याची झाडं गायब. चारही सिस्टर, सर्जन मंडळी आणि सक्सेनासाहेब टेबलाभोवती. मी ताटली मधोमध ठेवली: पाच साबण. सगळ्यांनी वाकून बघितलं. सक्सेनासाहेब म्हणाले, "बड़ी अच्छी खुशबू है."

मी म्हटलं, "सर, माझा आलेख चुकला आहे." म्हणजे हिंदीत म्हटलं, पण मनातून मराठीतच.

"अरे नहीं नहीं, आपसे कैसे गलती होगी."

"झाली आहे, सर."

"कागज़ में कुछ हो गया होगा. टाइपिंग में."

"सर, तो हाताने काढलेला आहे. मीच काढला."

"तो बच्ची ने रंग भर दिया होगा ग़लत," एक सर्जन मदतीला धावले. अरे देवा! भरल्या बैठकीत मला माझी चूक कबूल करायची होती आणि ती सभ्य माणसं काही केल्या करू देईनात. माझी लाज राखायच्या नादात ग्रेस सिस्टरचा वॉर्ड जाणार होता. शेवटी मी पाचवी वडी उचलली आणि आवाज चढवला. "यह मेरा साबुन है. लैब का. पंद्रह दिन में इस पर पानी ठीक से नहीं पड़ा. पढ़िए, पूरा नाम पढ़ा जाता है. गलती मेरी है, और सच सिर्फ़ चार नंबर ने लिखा है."

ग्रेस सिस्टर समोर टेबलाकडे बघत होत्या. आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुष्पा सिस्टर उभ्या राहिल्या होत्या. शाल घट्ट धरलेली.

"सर, दो नंबर में आराम नहीं है."

मग एक नंबर बोलल्या. मग तीन. मग एक सर्जन घसा खाकरून म्हणाले की पाणी फार थंड असतं, आपण सुद्धा कधीकधी... आणि पुढचं वाक्य चहात बुडवलं. सक्सेनासाहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. त्या थंडीत! पण माणूस भला. फाइल ओढून ग्रेस सिस्टरच्या बदलीचा कागद काढला, आडवा फाडला, उभा फाडला आणि म्हणाले, "सिस्टर, आप हमें माफ़ करें. और हम सबको लिखना सिखाएँ."

पुढच्या सोमवारी आमचा बंब वॉर्डांच्या मागच्या व्हरांड्यात धुमसू लागला. यांनी आधी "आणि मी अंघोळ कशाने करू?" म्हणून आकांत केला, मग स्वतःच स्कूटरला बांधून नेऊन दिला. सकाळच्या ड्रेसिंगच्या वेळी बादल्या भरून कढत पाणी जायचं. लोकरीच्या बाह्या उसवून अर्ध्या करायची साथ आली. दुपारी हिरवळीवर उन्हात बसून सगळ्या सिस्टर बाह्या कमी करायच्या आणि ग्रेस सिस्टर मधोमध बसून टाके कसे बंद करायचे ते दाखवायच्या.

फेब्रुवारीचा आलेख बघून सक्सेनासाहेबांचं धाबं दणाणलं. सगळेच खांब उंच! "यह तो और बिगड़ गया!" मी म्हटलं, "सर, बिघडलं नाही, दिसायला लागलं." होळीपर्यंत ते खांब बसत गेले. एप्रिलात लू सुटली, गार पाण्याचं भय गेलं आणि बंब घरी परतला, वर 'ड्रेसिंग रूम' असं रंगवून. ते आम्ही कधी घासून काढलं नाही.

त्या पहिल्या आलेखाचं सक्सेनासाहेब काय करणार होते? फाडणार होते. ग्रेस सिस्टरनी तो मागून घेतला. देण्याआधी मी खिडकीशी धरला. लाल खांबावर पुसट पेन्सिल अजून होती. मी खिशातलं पेन काढलं आणि लेकीची अक्षरं शाईने गिरवली. '1st'. ग्रेस सिस्टरनी ते बघितलं, कागदाची चार पदरी घडी केली आणि माझा हात दाबला. त्यांचा हात खरखरीत होता, साबणाने फुटलेला.

त्यानंतर त्या आपल्या वॉर्डातूनच रिटायर झाल्या. तेव्हापासून दर हिवाळ्यात मटार आले की आमच्याकडे येतात.

एवढं सगळं होईतो ताट निम्मंही भरलं नव्हतं. खाली फाटक वाजलं. ऋता धावली. ती आता स्वतः आई झालीय, पण "आंटी, नमस्ते!" मात्र चौथीतल्यासारखंच ओरडते. मी जिन्यावरून वाकून बघितलं. ग्रेस सिस्टर, ऐंशीच्या पुढे, हातात काठी, अंगात अर्ध्या बाहीचं स्वेटर. घरात शिरल्या त्या सरळ बेसिनकडे. एकेका पायरीवर थांबत, ऋताचा हात धरून गच्चीवर आल्या, बेडशीटवर बसल्या आणि शेंग उचलली. हात कोपरापर्यंत ओले.

"साबुन देखा?" मी विचारलं.

"देखा."

"मग? कैसा है?"

त्यांनी शेंग फोडली, दाणे ताटात सोडले आणि अतिशय गोड हसल्या. "आराम है."

मी उठले. खाली गेले. चार दिवसांपूर्वी काढलेली वडी बेसिनवर होती, आणि तिच्यावरचं नाव चष्म्याशिवाय वाचता येत होतं. गच्चीवरून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी स्वेटरच्या बाह्या कोपरावर सारल्या आणि नळ सोडला. पाणी बर्फासारखं गार होतं.